गुळवेलीची पारख : बांधावर आणि प्रयोगशाळेत



अष्टमीचे एक शेतकरी मध्यंतरी वाळलेल्या गुळवेलीचे पोते घेऊन माझ्याकडे आले. व्यापाऱ्याने माल परत केला होता. "साहेब, मी कसली भेसळ केली?" पोते उलटे केले, तर काही तुकडे दुसऱ्याच वेलीचे आणि तळाशी मूठभर माती! गावच्या पोरांनी दिसेल ती वेल तोडली होती. वाळल्यावर सगळे तुकडे सारखेच.

ही चूक केवळ पैशाची नाही. 2020 च्या कोरोना साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी काढा घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले, की खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल घातक ठरू शकते. या वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे फोड असतात आणि कापल्यावर पांढरा चीक येतो. खऱ्या गुळवेलीला हे दोन्ही नसते. तिची फळे गोल, लाल असतात.

प्रयोगशाळेत काय करतात? मालाच्या अर्काचा ठिपका पातळ थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर ठेवतात, शेजारी खऱ्या गुळवेलीचा. पट्टीचे टोक द्रावणात बुडवले, की टीपकागदावर शाई पसरावी तसे घटक वर चढून वेगळे होतात. दोन्हींचे ठिपके जुळले नाहीत, तर मालाबद्दल संशय.

मातीही लपत नाही. माल जाळून राख आम्लात उकळतात. वनस्पतीचे क्षार विरघळतात, रेती उरते. आयुर्वेदिक औषधकोशाप्रमाणे ही न विरघळणारी राख 3 टक्क्यांपेक्षा आणि काडीकचरा 2 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

म्हणून एवढे करा :

1. वेल पानांसकट ओळखूनच तोडा. शंका असल्यास पानाफळांची फांदी जाणकाराला दाखवा.
2. प्रत्येकाने आणलेला माल वेगळा ठेवा व ओला असतानाच तपासा.
3. तुकडे धुऊन ताडपत्रीवर वाळवा, अंगणातल्या मातीवर नको.
4. पावसाळ्याच्या सुरुवातीला खात्रीच्या वेलीची बोटाएवढी जाड कांडी कडुनिंबाच्या बुंध्याशी लावा. मग शोधत हिंडायला नको.

आणि माउलींनो, अनोळखी वेलीचा काढा घरात कुणालाही देऊ नका. काढा घेतल्यावर डोळे पिवळे दिसले, तर तो थांबवून लगेच दवाखाना गाठा.