मारुतीचे वय

गोंदिया शहराला खेटून असलेल्या आमच्या कुडव्यात मंडईच्या नाटकाची बैठक भरली, तेव्हा मारुतीची भूमिका यंदा कोणी करावी यावर वाद झाला. वर्षानुवर्षे ती करणारे आबाजी आता त्रेसष्ट वर्षांचे. "आबाजी, आता तुम्ही बसा जी," असे कोणीतरी म्हटले आणि हात वर झाले. त्यांत माझाही हात होता. त्याचे आज मला वाईट वाटते.

आमचा युक्तिवाद साधा होता. मारुती म्हणजे आपला 'सुपरहिरो'. तो समुद्र लंघतो, पर्वत उचलतो. असे काम म्हाताऱ्या माणसाला शोभेल कसे? पण २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा त्यातले हनुमान होते दारासिंग. त्यांचा जन्म १९२८ सालचा. कुस्तीही त्यांनी १९८३ मध्येच सोडलेली. माझे आईवडील ती मालिका अजून आठवतात, पण हनुमानाचे वय काय, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नव्हता. ज्याने आयुष्यभर आखाडे गाजवले, त्याला आपले बळ दाखवण्याची घाई नव्हती. तो हात जोडून उभा राहिला तरी बळ दिसत होते.

आपल्या पुराणांनाही म्हाताऱ्या वीराचे वावडे नाही. वनपर्वात भीम सौगंधिक कमळे आणायला निघतो, तर वाटेत एक जराजर्जर वानर पडलेला. शेपटी बाजूला कर, म्हणाला तर वानर म्हणतो, तूच उचल. भीमाला ती हलत नाही. तो वानर तरुण असता तर त्या कथेत उरले काय असते? एक झुंज, एवढेच.

२०२४ साली आलेल्या 'कल्की २८९८ एडी' मध्ये एक्याऐंशी वर्षांचे अमिताभ बच्चन चिरंजीव अश्वत्थामा झाले. प्रारंभी त्यांचा चेहरा यंत्रकरामतीने तरुण करून दाखवला आहे. तो मला खोटा वाटला. पुढे चिंध्या गुंडाळलेला, शापाने थकलेला म्हातारा उभा राहतो, तो मात्र खरा. परदेशातही १९८९ चा बॅटमॅन मायकेल कीटन २०२३ मध्ये, सत्तरी ओलांडून, पुन्हा तोच मुखवटा चढवून आला.

याचा अर्थ कुठल्याही वयस्क नटाला कुठलीही भूमिका द्यावी, असे मी म्हणत नाही. केसांना कलप लावून, नातीच्या वयाच्या नायिकेमागे धावणारे नायक आपण पुष्कळ पाहिले. तिथे वय लपवले जाते, म्हणून ते हास्यास्पद होते. आणि नव्या पोरांना संधी कधी मिळणार, हा प्रश्नही खोटा नाही.

मंडईच्या रात्री आमच्या तरुण मारुतीने द्रोणागिरी उचलला, तेव्हा शिट्ट्या पडल्या. मीही वाजवल्या. पण त्याआधी अशोकवनाचा प्रवेश झाला होता. सीतामाईपुढे मुद्रिका ठेवतानाही त्याचे दंड ताठच होते, नजर प्रेक्षकांकडे. आबाजी त्या जागी वाकत. गुडघे दुखत असल्यामुळे सावकाश वाकत, आणि मांडवात शेंगा फोडणारे हात थांबत. वर्षानुवर्षे मी ते पाहिले होते. बैठकीत मात्र मला ते आठवले नाही.

खेळानंतर रंगपटात गेलो. त्या मुलाची शेपटी आबाजींनीच बांधून दिली होती. सोडायलाही तेच बसले होते. "गाठ घट्ट झाली होती का रे?" एवढेच त्याला विचारत होते. माझ्याकडे पाहून हसले.

पुढच्या बैठकीत मी त्यांचे नाव सुचवणार आहे. ते हो म्हणतील की नाही, ठाऊक नाही.