उत्साहाचे इंजेक्शन

"डॉक्टर, तसं काही नाही हो, नुसती मरगळ आहे. एखादं ताकदीचं इंजेक्शन देऊन टाका." बाजाराच्या दिवशी दवाखान्यात हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की त्यापुढचे वाक्यही मला पाठ झाले आहे. "नाहीतर सलाईनच लावा एक. मागं लावली होती तर दोन दिवस कशी तरतरी होती!"

तेव्हा आधी या सलाईनचा हिशेब मांडू. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी असते आणि ४.५ ग्रॅम मीठ. ग्लुकोजच्या बाटलीत पाच टक्क्यांच्या हिशेबाने २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे. ज्वारीच्या एका भाकरीतून याहून अधिक शक्ती मिळते आणि भाकरीला सुई टोचावी लागत नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल तर हीच बाटली जीव वाचवते. मरगळीवर मात्र तिचा काही उपयोग नाही. मग दोन दिवस तरतरी वाटते ती कशाने? मला विचाराल तर, ती बाटली संपेपर्यंत त्या बाईला तास-दोन तास कोणी उठवत नाही म्हणून. नवरा शेजारी बसून असतो, सासू घरी स्वयंपाकाचे बघते. कित्येक बायकांना दिवसाउजेडी आडवे होण्याची संधी महिन्यातून तेवढीच मिळते. ते पैसे औषधाचे नसतात, विश्रांतीचे असतात.

अलीकडे या मरगळीवर दुसराही एक उपाय निघाला आहे, तो म्हणजे उपदेश. सदा हसतमुख राहा, चांगले विचार करा, कामावर जाताना चेहऱ्यावर तेज हवे, वगैरे. शाळा, पतसंस्था, कार्यालये, सगळीकडे अशी व्याख्याने होतात. मी स्वतः दोन-तीन ठिकाणी असे बोलून आलो आहे, तेव्हा दोष देताना माझे नाव आधी घेतो. या उपदेशात खोटे काही नाही. पण ऐकणाऱ्याच्या अंगात रक्त किती आहे हे कोणी विचारत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही गोष्ट मला एका शिक्षिकेमुळे कळली. पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या, वय चाळिशीच्या आसपास. एकेकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाच-गाणी त्याच बसवायच्या. गेल्या दोन वर्षांत त्या गप्प होत गेल्या. मुख्याध्यापकांनी चारचौघांत "बाई, तुमच्यात पूर्वीची चमक राहिली नाही" असे ऐकवले. घरी नवरा म्हणे, आळस वाढलाय. माझ्याकडे त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी नाडी पाहिली, बीपी मोजले, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर "मन रमवा, सकाळी फिरायला जात जा" असा सल्लाही दिला. त्या बिचाऱ्या फिरायला गेल्यादेखील. कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाताना दम लागला म्हणून परत आल्या, आणि आपण खरोखरच आळशी झालो आहोत अशी त्यांची स्वतःचीच खात्री पटली.

चौथ्या खेपेला त्या बाहेर नंबर लावून बसल्या होत्या. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीने पाहिले की बाई पर्समधून काहीतरी काढून हळूच तोंडात टाकताहेत. तिला खडीसाखर वाटली. ती होती पाटीवर लिहायची पेन्सिल! विचारल्यावर बाई ओशाळल्या. वर्गातल्या मुलांच्या तुटक्या पेन्सिली त्या वर्षभर खात होत्या, रोज पाच-सहा. माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही नुसती वाईट खोड म्हणून सोडून देऊ नये. अंगातले लोह कमी झाल्याची ती अनेकदा खूण असते. पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिन निघाले ७.२. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते किमान १२ हवे. दर महिन्याला आठ-आठ दिवस भरपूर रक्त जात होते, हे त्यांनी मला सांगितले नव्हते. खरे तर मीच विचारले नव्हते.

शाळेत दर आठवड्याला लहान मुलांना लोहाच्या गुलाबी गोळ्या देतात. त्या वाटण्याचे काम याच बाईंकडे होते.

फुप्फुसातला प्राणवायू उचलून तो मेंदूपर्यंत, स्नायूंपर्यंत पोचवणे हे हिमोग्लोबिनचे काम. जिथे बारा गाड्या लागतात तिथे सात गाड्यांवर ऊस वाहायचा म्हटले तर फेऱ्या वाढणारच. त्या फेऱ्या हृदयाला माराव्या लागतात. म्हणून धडधडते, जिना चढताना दम लागतो, दुपारी डोळे मिटतात, लहानसहान गोष्टीवर चिडचिड होते, मन कशात लागत नाही. हे सगळे बाहेरून पाहणाऱ्याला स्वभावातला बदल वाटते. आणि हे हळूहळू होत असल्यामुळे ज्याचे त्यालाही कळत नाही. पूर्वी कसे वाटत असे तेच माणूस विसरून जातो.

असे लोक किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. पुरुषांत देशभरात २५ टक्के. म्हणजे एखाद्या सभागृहात शंभर बायका बसवून त्यांना उत्साहावर व्याख्यान दिले, तर त्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना आधी लोहाची गरज असणार.

याची कारणे शोधायला लांब जायला नको, स्वयंपाकघरात जावे. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. ते दर महिन्याला जाते. भरून यायचे ते जेवणातून, आणि धान्य-भाजीतल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो. त्यातही घरातली बाई जेवायला बसते शेवटी. तोवर पालेभाजी संपलेली, डाळीच्या तळाचे पाणी उरलेले. मग ठेचा, भाकरी आणि ताक. शिवाय चतुर्थी, एकादशी, गुरुवार. उपवासाला माझी ना नाही, पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात लोह जवळजवळ नाहीच. मुख्य भर शेंगदाणे, राजगिरा, फळे यांच्यावर असावा. आणि शेवटी, भांडी आवरून झाली की तिच्या हक्काचा कपभर चहा! जेवणाला लागून घेतलेल्या या चहामुळे अन्नातले लोह शोषले जाण्याचे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. चहा सोडा असे मी सांगणार नाही, सांगून कोणी ऐकणारही नाही. जेवणात आणि चहात दीड-दोन तासांचे अंतर मात्र ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह अंगी लागायला मदत होते. तेव्हा वरण-भातावर लिंबू पिळायचे ते केवळ चवीसाठी नव्हे.

दोन गैरसमजही काढून टाकायला हवेत. बीट लाल असते म्हणून ते रक्त वाढवते असे नाही. त्यात लोह थोडेच आहे. गुळाच्या खड्यावरही फार भरवसा ठेवू नये. त्यापेक्षा हळीव खरे गुणाचे. बाळंतिणीला आपण हौसेने हळिवाचे लाडू करतो. चाळिशीतल्या बाईने काय पाप केले आहे? मांसाहार करणाऱ्यांना मटण, कलेजी यांतले लोह चांगले लागू पडते. जुनी लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा.

पण हिमोग्लोबिन सात-आठवर आले असेल तर नुसत्या लाडवांनी भागणार नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीही होते, गोळ्याही मिळतात. त्या दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. मळमळले तर डॉक्टरांना सांगून वेळ किंवा गोळी बदलावी, परस्पर बंद करू नये. पहिल्या महिन्याभरातच फरक दिसू लागतो, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. बरे वाटले की गोळ्या बंद! रक्त पूर्ववत झाल्यावरही आणखी तीनेक महिने गोळ्या घ्यायच्या असतात, कारण अंगातला साठा रिकामाच असतो. रक्त का कमी झाले, याचा शोधही घ्यायला हवा. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पोटात आकडेकृमी असू शकतात, ते रक्त शोषतात. पुरुषांत १३ च्या खाली हिमोग्लोबिन गेले, किंवा वयस्क माणसाचे कमी निघाले, तर मूळव्याध, जठरातला व्रण, रोजच्या वेदनाशामक गोळ्या, आतड्याचा आजार यांपैकी कुठून रक्त जाते आहे हे पाहिल्याशिवाय लोहाची गोळी देऊन गप्प बसणे धोक्याचे. नंदुरबार, गडचिरोली अशा भागांत सिकलसेलची तपासणीही आवश्यक.

आणि रक्त ठीक निघाले तर? मग थायरॉइड, साखर, शाकाहारी असाल तर बी-१२, आणि झोप. झोपेबद्दल एवढेच सांगतो की संध्याकाळी पाचच्या चहातले कॅफिन रात्री दहा-अकराला निम्मे तरी अंगात शिल्लक असते. पानटपरीवर मुले ती तरतरीची गोड पेये घेतात, त्यांतही कॅफिन आणि साखर यांचाच जोर. ती पिऊन रात्री एकपर्यंत मोबाइल बघायचा आणि सकाळी पुन्हा तीच बाटली, हे उद्याच्या उत्साहावर आज काढलेले कर्ज आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर तोही एक आजार आहे आणि त्यालाही औषध आहे. त्यावर पुढे कधीतरी स्वतंत्र लिहीन.

त्या शिक्षिकांना मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गर्भाशयात गाठ निघाली, तिच्यावर उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ११.४ होते. स्नेहसंमेलनाची नाच-गाणी पुन्हा त्यांच्याकडे आली होती आणि नवऱ्याची नवी तक्रार होती की ही घरी फार बोलते. पेन्सिलीचे विचारले तर म्हणाल्या, "आता तिचा वाससुद्धा नको वाटतो."

अपेक्षेप्रमाणे त्यांना गोळ्या बंद करायच्या होत्या. मी नाही म्हणालो. जाताना दारातून मागे वळून त्यांनी विचारले, मुलीचेही एकदा रक्त बघता का? नववीतली मुलगी. शाळेत मिळणारी निळी गोळी मळमळते म्हणून दप्तरातच ठेवून द्यायची. घरात सगळे तिला 'झोपाळू' म्हणून चिडवत. तिचे हिमोग्लोबिन ९.६ निघाले.