दिशा रवीचा अपराध

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्ली पोलिसांनी बंगळूर येथील २२ वर्षांच्या दिशा रवी हिला अटक केली आणि तेथील न्यायालयापुढे उभे न करताच दिल्लीस नेले. आरोप राजद्रोहाचा, गुन्हेगारी कटाचा व समाजगटांत वैर पसरविण्याचा होता. पुरावा म्हणून पुढे करण्यात आले ते एक टिपण! तीन कृषी कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या वेशीवर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांना पाठिंबा कसा व्यक्त करावा, ह्याची माहिती त्यात होती. स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्ग हिने ते प्रसृत केले आणि ते जगभर पोहोचले. सरकारने व त्याची री ओढणाऱ्या वृत्तवाहिन्यांनी ह्या 'टूलकिट'चा असा काही बाऊ केला की जणू सुरुंगाची पेटीच सापडली. साध्या मराठीत ह्या वस्तूला परिपत्रक म्हणतात. संप असो वा मोर्चा, अशी परिपत्रके आपल्या कचेऱ्यांतून नित्य निघतात; प्रस्तुत लेखकाने त्यांतील कित्येकांची भाषांतरे केली आहेत.

दिशा रवी ही काही कम्युनिस्ट नव्हे. शेती करणाऱ्या आपल्या आजी-आजोबांचे पाण्यावाचून होणारे हाल पाहून आपण ह्या कामाकडे वळलो, असे तिने सांगितले आहे. 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' ह्या जागतिक युवक चळवळीची भारतातील शाखा उभारण्यात तिचा प्रमुख वाटा होता. तळी साफ करणे, झाडे लावणे एवढ्यावरच हे तरुण थांबले असते तर मंत्र्यांनी त्यांच्या पाठीवर शाबासकीची थापच दिली असती. पण २०२० च्या मार्चमध्ये, महामारीच्या ऐन धामधुमीत, केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आणला. परवानगीवाचून सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून मान्यता देण्याची वाट त्यात होती. जनसुनावणीपूर्वी हरकती मांडण्याची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणली होती. ह्या तरुणांनी देशभरातून पर्यावरणमंत्र्यांकडे निषेधाची पत्रे धाडली. परिणाम काय झाला? जुलै २०२० मध्ये त्यांचे संकेतस्थळ बंद पाडण्यात आले आणि दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत चक्क दहशतवादविरोधी 'यूएपीए' कायद्याचे कलम झळकले. पुढे ती नोटीस चुकून गेली म्हणून मागे घेण्यात आली. चूक खरी, पण तीत मनातले उमटले.

झाडे लावणारी मुलगी राज्यकर्त्यांना खुपत नाही. ती मुलगी शेतकऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली की मात्र ती राजद्रोही ठरते. आपण त्या टिपणाच्या दोनच ओळी दुरुस्त केल्या व शेतकऱ्यांना पाठिंबा देणे एवढाच आपला हेतू होता, असे तिने न्यायालयात सांगितले. त्या दोन ओळींत हवामानाचा प्रश्न व शेतीचा प्रश्न एकत्र आले होते. बड्या भांडवलाला जमीन, पाणी व धान्याचा बाजार ह्या तिन्हींवर एकदमच ताबा हवा असतो. म्हणून त्यांच्या रक्षणाचे लढे एकमेकांना भेटले की त्याची झोप उडते. ह्याच प्रकरणात मुंबईतील एक वकील तरुणी आणि बीडचा एक तरुण अभियंता ह्यांच्यावरही अजामीनपात्र वॉरंट निघाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तात्पुरते संरक्षण दिले. बीडच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे कोणा परदेशी मुलीकडून शिकावे लागत नाही.

येथे आपल्याकडेही थोडे पाहिले पाहिजे. पर्यावरण हा शहरी सुखवस्तूंचा छंद आहे, असे म्हणून हात झटकणारे साथी आपल्यात आजही आहेत. मेसोपोटेमिया, ग्रीस व आशिया मायनर येथील जंगले तोडून माणसाने आपल्याच पायांखालची भूमी कशी उजाड केली, हे एंगेल्स ह्यांनी दाखवून दिले होते. शिबिरांत आपण ते वाचतो आणि तिथेच सोडून येतो. ह्या तरुणांच्या विचारात त्रुटी आहेत, हेही खरे. ग्राहकाने आपल्या सवयी बदलल्या की काम भागले, असा सूर त्यांच्या बोलण्यात अनेकदा लागतो आणि कोळसा कोणाच्या नफ्यासाठी जळतो हा प्रश्न बाजूला राहतो. पण तो प्रश्न त्यांच्यापर्यंत घेऊन कोण जाणार? खाणकामगाराच्या रोजगाराचा आणि धुरळ्याने भरलेल्या त्याच्या फुप्फुसांचा विचार एकाच वेळी करू शकणारी संघटना कामगारवर्गाचीच असू शकते. बंगळूरच्या मुलीने शेतकऱ्यांकडे जाण्याचे पाऊल स्वतःहून टाकले. आपण तिच्या पिढीकडे किती पावले टाकली?

२३ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या सत्र न्यायालयाने तिला जामीन दिला. पुरावा तुटपुंजा आहे, आणि सरकारी धोरणाशी मतभेद आहे एवढ्यावरून नागरिकांना गजाआड टाकता येणार नाही, असे त्या आदेशात नमूद झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिन्ही कृषी कायदे संसदेला रद्द करावे लागले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाचा अंमल स्थगित केला. तथापि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आले आहे. त्यात राजद्रोह हा शब्द नाही. सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणारे कृत्य अशी भाषा आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंतची आहे.