बोटांची नोंद

ध्वनिमुद्रण म्हणजे वाजलेला आवाज जसाच्या तसा साठवून ठेवणे, असा सर्वसाधारण समज असतो. ‘मिडी’ या पद्धतीत मात्र आवाज मुळीच साठविला जात नाही. वादक कीबोर्डवर वाजवू लागला की, संगणकातील सॉफ्टवेअर त्याच्या बोटांची हालचाल तेवढी टिपून घेते. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच ती नोंद. जोरासाठी 1 पासून 127 पर्यंत अंक असतात. पुढे ती नोंद हव्या त्या वाद्याच्या आवाजात वाजवून घेता येते. म्हणूनच सकाळी पियानोवर वाजविलेली चाल सायंकाळी बासरीच्या आवाजात ऐकू येते. आणि लय कितीही संथ केली तरी स्वर खाली उतरत नाही.

जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडण्यात आली. एकावर वाजविताच दुसरे बोलू लागले! यामागे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचे परिश्रम होते.

अशी नोंद नंतर दुरुस्तही करता येते. पडद्यावर प्रत्येक स्वर आडव्या रेघेसारखा दिसतो. चुकलेला स्वर उचलून योग्य जागी ठेवावा, की काम झाले. ‘क्वांटाइझ’ अशी एकच आज्ञा दिली तर मागेपुढे पडलेले सारे स्वर निमूटपणे मात्रेवर जाऊन बसतात. नवशिका फसतो तो येथेच. गणित दुसऱ्याने सोडवावे आणि वहीवर नाव आपले घालावे, तशातला हा प्रकार होय. शिवाय कसलेला वादक एखादा स्वर मुद्दाम किंचित उशिरा घेतो. त्यातच त्याची खुमारी असते. ही लकब कोणती आणि चूक कोणती, हे त्या आज्ञेला कसे कळावे? ती दोन्ही सारखीच पुसून टाकते.

ज्याला केवळ चाल रचावयाची आहे, बोटे तयार करावयाची नाहीत, त्याने ही सोय खुशाल वापरावी. शिकणाऱ्याने मात्र प्रथम स्वतःचे वादन आहे तसे ऐकावे. करंगळीचे स्वर दुबळे पडतात काय, अंगठा बोटांखालून सरकताना स्वर उगाच मोठा होतो काय, हे ते अंक स्पष्ट सांगतात. इतका रोखठोक गुरू मिळणे कठीणच! (पट्टी दाबल्यावर आवाज उमटण्यास कधीकधी संगणकच विलंब लावतो, त्याचे खापर मुलाच्या माथी फोडू नये.)

मूळ नोंद कधीही पुसू नये. दुरुस्ती करावयाचीच असेल तर ती प्रतीवर करावी. महिनाभर सराव करून तीच चाल पुन्हा वाजवावी आणि दोन्ही नोंदी पडद्यावर एकाखाली एक मांडाव्यात. कोणता स्वर अजून मागे रेंगाळतो आहे, ते तेथे दिसेलच.