गोळीची परीक्षा ताटापर्यंत

हरीण जागीच कोसळलं, की शिकारी आपल्या गोळीला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा होतो. माझ्यासारख्या शिक्षकाला ही तपासणी अर्धीच वाटते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे. अमेरिकेत ती परवान्यावर चालते आणि तिथले काही मुसलमानही अल्लाहचं नाव घेऊन चाप ओढतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न रोजच्या जेवणाचा आहे.

शिशाची गोळी वेगाने अंगात शिरली की फुटते. तिचे कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. 2008 साली नॉर्थ डाकोटात गोरगरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं आणि तो फेकून द्यावा लागला. देणाऱ्यांची नियत साफ होती, रायफलही भरवशाची असेल. पण शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. त्याला नियत कळत नाही.

तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उमलते आणि बहुधा अखंड राहते. ती महाग पडते, नेम पुन्हा जुळवावा लागतो, हे मान्य. तरी कॅलिफोर्नियाने 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंदच केल्या, कारण शिकारीचे अवशेष खाऊन तिथली दुर्मीळ गिधाडं मरत होती.

कुरआन अन्नाबद्दल 'हलाल'च्या जोडीला 'तय्यिब' म्हणतं, म्हणजे निर्मळ. आपण पहिला शब्द पाठ केला. दुसऱ्याचा हिशेब ताटात होतो.