सिस्टर, पाणी किती पिऊ?

कोल्हापूरकरांचा पावसाळा कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजला जातो. नदीची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पातळी ५५ फुटांच्याही पुढे गेली, उपसा केंद्रं बुडाली आणि चहूबाजूंनी पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. टँकरपुढच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. डायलिसिसवाल्यांची आठवण फार थोड्यांना झाली. एका माणसाच्या चार तासांच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर द्रावण यंत्रातून जातं, आणि त्यासाठी पाणी शुद्ध करताना वाया जातं ते निराळं. त्यात पेशंट चिखली-आंबेवाडीकडं अडकलेला असला तर दवाखान्यात पाणी असून तरी काय उपयोग?

अशा वेळी माणूस तगतो तो आधी मिळालेल्या शिकवणीवर. पाणी निम्म्यावर आणायचं, मीठ तोडायचं, शहाळं, केळं, उसाचा रस यांना हात लावायचा नाही. पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडायला वेळ लागत नाही. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर किडनीच्या रुग्णांसाठी खास आपत्ती यंत्रणा उभी राहिली. डायलिसिस चुकलं तर तीन दिवस काय खायचं, हे तिथं पेशंटला आधीच शिकवून ठेवतात. आपल्याकडं हे सांगते ती सिस्टर, तेही तिला वेळ मिळाला तर.

नात्यातल्या एका मावशींबरोबर डायलिसिसला जायचो, तेव्हा अशी एक सिस्टर पाहिली. मावशींच्या डाव्या हाताला नुकताच फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी यांचा जोड, केलेला. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, या हातातल्या बांगड्या उतरवा." मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. सौभाग्याचं लेणं, मालक बाहेर बसलेले. सिस्टरनी वाद घातला नाही. "उजव्यात दुप्पट भरा की," म्हणाल्या. मग मावशींचीच दोन बोटं धरून फिस्टुलावर ठेवली. "लागतंय का थरथरतंय ते? रोज उठल्याबरोबर बघायचं. थांबलं तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको. कितीबी मोठा डॉक्टर असू दे, तुम्ही नको म्हणायचं." भोवती नर्सिंगच्या चार मुली वहीत काही न लिहिता नुसत्या बघत उभ्या होत्या. ते बरंच झालं. हे वहीत उतरण्यासारखं नव्हतंच.

"सिस्टर, पाणी किती पिऊ?" हा तिथला रोजचा प्रश्न. त्यावर उलटा प्रश्न यायचा, "काल लघवी किती झाली?" तेवढं, आणि वर साधारण अर्धा लिटर, असा ढोबळ हिशोब. मग आपल्या गावाला शोभेल अशी ताकीद, "पांढरा रस्सा पण पाण्यातच धरायचा हं." एका काकांचं तोंड त्या दिवशी खरंच उतरलं होतं.

किडनी बदलली की शिकवणी संपत नाही, उलट वाढते. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी बारा-बारा तासांनी, आयुष्यभर. रक्तातलं तिचं प्रमाण तपासायचं असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. आधी घेतली तर आकडा फसवा येतो आणि डोस चुकतो. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या सोडणारे आणि कुणीतरी सांगितलेला काढा सुरू करणारे, या दोघांना वेळेवर हटकणारं माणूस लागतं. दात्याची गोष्ट त्याहून नाजूक. आपल्याकडं जिवंत दात्यांत बायका जास्त आणि किडनी घेणाऱ्यांत पुरुष जास्त. बायकोला सासरच्या माणसांपासून बाजूला घेऊन "तुमची स्वतःची मर्जी आहे ना?" हे विचारायला अनुभवी सिस्टरइतकं योग्य कुणी मला तरी दिसत नाही.

सिस्टरचं हे काम कायद्यानंही ओळखलं आहे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीनं प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला समन्वयक नेमणं बंधनकारक झालं, आणि २०१४ च्या नियमांत त्या पदाला पात्र म्हणून नर्सचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षणाची वाटही आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमात मूत्रपिंड-मूत्रविकार परिचर्या हा विशेष विषय आहे. बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ आहे, त्याचं नर्सिंग कॉलेज आहे. लाईन बाजारात सरकारी सेवा रुग्णालय आहे. म्हणजे शिकणाऱ्या मुलीही इथंच आणि पेशंटही इथंच.

अडतंय ते निराळ्याच जागी. एम.एस्सी. झालेली सिस्टर कॉलेजात शिकवायला जाते आणि पेशंटपासून तुटते. खाटेजवळ वीस वर्षं काढलेल्या सिस्टरला शिकवण्याचा ना हुद्दा, ना वेळ. आणि जिचा हात फिस्टुलावर बसला, तिची ड्यूटी फिरत फिरत बाळंतिणींच्या वॉर्डात लागते. अमेरिकेत किडनी परिचारिकांची स्वतंत्र संघटना १९६९ पासून आहे. आपल्याकडं २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसलं, यंत्रं वाढली, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण यंत्राशेजारी बसून शिकवणाऱ्या बाईचं पद कुठल्या मंजूर यादीत शोधायचं? निदान डायलिसिस विभागातल्या सिस्टरना फिरत्या ड्यूटीतून वगळा आणि आठवड्यातले काही तास फक्त शिकवण्यासाठी द्या. याला नवी इमारत लागत नाही.

तोवर, घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल तर बंधाऱ्याचं पाणी चढायची वाट बघू नका. जूनमध्येच सिस्टरना गाठा. रस्ता बंद झाला तर काय खायचं, पाणी किती प्यायचं, कुठल्या गोळ्या जवळ ठेवायच्या आणि फोन कुणाला करायचा, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावा.