ताटावर पाळत नको, मोजणी हवी

मुलीला रोजचं खाणं मोबाइलवर नोंदवायला लावा, म्हणजे तिला आपोआप शिस्त लागेल, असं हल्ली शिकलेसवरलेले पालक सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. चिप्स आणि शीतपेयांचा मारा मलाही दिसतो. तरीही वाढत्या वयाच्या मुलांच्या हाती उष्मांक मोजणारं ॲप देण्याला माझा ठाम विरोध आहे.

अमेरिकेतलं ‘कुर्बो’ पाहा. ‘वेट वॉचर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने २०१९मध्ये ते ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आणलं. पदार्थांना लाल, पिवळा, हिरवा रंग. आहारविकारांच्या तज्ज्ञांनी तेव्हाच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. बाराव्या वर्षी घासाला लाल रंग लागला की मुलगी कमी खायला नव्हे, लपवून खायला शिकते. पुढे पालकांच्या संमतीविना लहान मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०२२मध्ये कंपनीला १५ लाख डॉलर भरावे लागले.

‘पण नोंदच नसेल तर कळणार कसं?’ हा प्रश्न योग्यच आहे. मात्र उष्मांकांच्या आकड्यातून काय कळतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. पोळी, बटाट्याची भाजी आणि वर चहा, एवढ्यावर पोट भरतं, उष्मांकही भरतात. पुरेसं लोह मिळत नाही, आणि जे मिळतं त्यातलं काही चहामुळे अंगी लागत नाही. शिवाय ‘एक वाटी भाजी’ म्हणजे कोणती वाटी? फोडणीत तेल किती पडलं, हे रांधणाऱ्या आईलाही ग्रॅममध्ये सांगता येणार नाही.

म्हणून साधन टाकून देऊ नये, त्याचं काम बदलावं. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल विद्यापीठात तयार झालेल्या ‘इनटेक२४’मध्ये मुलं आदल्या दिवशीचं खाणं आठवून लिहितात आणि फोटो बघून प्रमाण निवडतात. वजनाचं लक्ष्य नाही, शाबासकी नाही, दटावणी नाही. एका दिवसाच्या नोंदीवरून एका मुलीबद्दल फारसं सांगता येत नाही, पण हजार मुलींच्या नोंदी एकत्र आल्या की कमतरता कुठे आहे ते दिसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे ५२८ खाद्यपदार्थांचे पोषणतक्ते हाताशी आहेत. त्यांच्या आधारे थालीपीठ, पिठलं, आमटी ओळखणारं मराठी साधन उभं करता येईल.

शाळेतला पोषण आहार आठवीनंतर थांबतो. नेमकं रक्तक्षयाच्या वयात ताट काढून घेतलं जातं! नववी-दहावीच्या वर्गांत अशी निनावी नोंद वर्षातून दोनदा व्हावी. ती पालकांच्या मोबाइलवर न जाता शिक्षण विभागाच्या टेबलावर जावी आणि तिच्या आधारे दहावीपर्यंत उसळ-भात, अंडी मागता यावीत.